कार्लाइलचा १९१२ चा फुटबॉल हंगाम: हा विजय नक्की कोणाचा?

रानवाटा

अमेरिकी फुटबॉलच्या जुन्या काळाचा विषय निघाला की कार्लाइल शाळेचा खेळाडू जिम थॉर्प याचं नाव येतं आणि गप्पा तिथेच थांबतात. मला त्याच्याबरोबर खेळलेल्या पोरांबद्दलही बोलायचं आहे, आणि एक प्रश्न विचारायचा आहे.

आधी हकिकत. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी १८७९ साली अमेरिकी सरकारने मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली, लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये. चालवणारा रिचर्ड हेन्री प्रॅट हा लष्करी अधिकारी. मुलातला इंडियन (म्हणजे मूलनिवासी) मारा आणि माणूस वाचवा, असं त्याने १८९२ च्या भाषणात उघडपणे सांगितलं होतं. आल्या आल्या केस कापायचे, नवं इंग्रजी नाव द्यायचं, घरची भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा करायची, अशी तिथली रीत.

या शाळेचा संघ १९१२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये १४ सामने खेळला. १२ जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरला. एकूण ५०४ गुण केले, फक्त ११४ दिले. ९ नोव्हेंबरला त्यांनी वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकी सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीला, तिच्याच मैदानावर २७–६ असं हरवलं. वुंडेड नी इथे याच सैन्याने केलेलं मूलनिवासींचं हत्याकांड डिसेंबर १८९० चं. त्याला तेव्हा २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. मैदानावरच्या पोरांचे बाप आणि काके त्याच सैन्याला तोंड देऊन बसलेल्या पिढीचे.

आणि त्या २७ गुणांत थॉर्पचा एकही टचडाउन नाही. तीन अ‍ॅलेक्स आर्कासाचे, एक जो बर्जीचा. थॉर्प त्या दिवशी अफाट खेळला यात वाद नाही. पण गोलरेषा ओलांडली ती दुसऱ्यांनी, आणि त्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत.

प्रश्न असा: ज्या शाळेने या मुलांकडून घर, भाषा, नाव सगळं काढून घेतलं, तिच्या नावावर जमा झालेला हा हंगाम आपण आनंदाने आठवावा का? माझं मत, आठवावा, कारण तो शाळेचा नव्हताच. तुम्हाला काय वाटतं?

गंपू

विषय जबरी आहे, रानवाटा. पण मला फुटबॉल म्हणजे मेस्सी आणि कोल्हापूरचा शाहू स्टेडियम एवढंच ठाऊक. तो हातात चेंडू घेऊन पळतात तो खेळ कुणीतरी चार ओळींत समजावेल का? नाहीतर मी नुसताच 'वाचतोय' लिहून बसेन.

नेमबाज

गंपू, घ्या. ११-११ खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला ठरावीक प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा नवे प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. कबड्डीतल्या चढाईवाल्याला बरोबर अख्खा संघ घेऊन घुसायला दिलं आणि पकडणाऱ्यांनाही धडक मारायची मुभा दिली, तर साधारण तो खेळ होईल.

आता या धाग्यासाठी महत्त्वाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ म्हणजे घोळक्याने घोळक्यावर कोसळणं होतं. १९०५ च्या हंगामात दीड डझनाच्या आसपास तरुण मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ पासून नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. तीच 'फॉरवर्ड पास'ची सुरुवात.

१९१२ ला आणखी बदल आले. १० यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न. टचडाउनचे पाचऐवजी सहा गुण. मैदान ११० वरून १०० यार्डांचं आणि दोन्ही टोकांना पास झेलायला १०-१० यार्डांची जागा. २० यार्डांपेक्षा लांब पास टाकायचा नाही ही अटही गेली. म्हणजे नुसत्या वजनावर जिंकणाऱ्या संघांचा फायदा घटला आणि पळणाऱ्यांचा, फसवणाऱ्यांचा वाढला. कार्लाइलची पोरं वजनाने हलकी. हा हंगाम त्यांच्यासाठीच मांडल्यासारखा आला.

गंपू

कबड्डीमुळे एकदम डोक्यात शिरलं. धन्यवाद नेमबाज! आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

खडूफळा

धागा चांगला आहे, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. कार्लाइल हे कॉलेजच नव्हतं. अर्धा दिवस शाळेचे धडे आणि अर्धा दिवस छापखाना, शिवणकाम, सुतारकी, लोहारकी असा तिथला क्रम होता. उन्हाळ्यात मुलांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला धाडायचे. फुटबॉलचा संघ मात्र हार्वर्ड आणि पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) यांच्याशी टक्कर घेणारा. हे जुळायचं कसं? तर खेळाडू वयाने मोठे. थॉर्प १९१२ मध्ये चोवीस-पंचविशीचा होता. संघ शनिवारी गावोगाव फिरत असे, बहुतेक सामने बाहेर, आणि तिकिटांचा पैसा शाळेच्या अ‍ॅथलेटिक निधीत जमा होई. प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर याचा त्या निधीवर मोठा ताबा.

म्हणून हा 'कॉलेज हंगाम' म्हणून मिरवताना जरा जपून. १८–२० वर्षांच्या विद्यार्थ्यांचा हौशी खेळ असं त्याचं चित्र रंगवू नये.

रानवाटा

खडूफळा, मुद्दा रास्त आहे. पण त्याच काळात मोठमोठ्या कॉलेजांतही एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात हिंडणारे आणि वर्गात न बसणारे खेळाडू होतेच. हौशीपणाचा काटेकोर हिशेब फक्त कार्लाइलकडून मागितला जातो, हे मला खटकतं. आणि मोठी कॉलेजं त्यांच्याशी खेळायला तयार होती कारण कार्लाइल आलं की मैदान भरायचं. तिकिटाच्या पैशात त्यांचाही वाटा असे.

सांजवेळ

सगळे वेस्ट पॉइंटवरच अडकलेत! मला या हंगामातले बाकीचे सामने जास्त आवडतात.

एक तर धावपळ बघा. ऑक्टोबरात शनिवारी जॉर्जटाउनला ३४–२० हरवलं, आणि लगेच सोमवारी कॅनडात टोरंटोशी सामना. मधल्या रविवारी आगगाडी. टोरंटोचा सामना अर्धा अमेरिकी नियमांनी, अर्धा कॅनडाच्या रग्बीच्या नियमांनी खेळला गेला. निकाल ४९–१. हा '१' बघून मी चक्रावले होते, अमेरिकी खेळात एकटा एक गुण मिळेल कसा? कॅनडाच्या नियमांत मिळतो. म्हणजे अनोळखी नियमांचा खेळ खेळूनही समोरच्याला फक्त तो एक गुण दिला.

आणि शेजारचं डिकिन्सन कॉलेज. ते त्याच कार्लाइल गावात आहे. त्यांना ३४–०. एकाच गावात एकीकडे जुनं प्रतिष्ठित कॉलेज आणि दुसरीकडे सरकारी बराकीतली शाळा, त्यांचा सामना म्हणजे गावात काय वातावरण असेल!

वॉशिंग्टन अँड जेफरसनशी मात्र ०–०. थॉर्पच्या किका त्या दिवशी चुकल्या. इतर संघांना पन्नास-साठ गुणांनी लोळवणारा संघ एका छोट्या कॉलेजापुढे गोठला, हे वाचून मला उलट बरं वाटलं. माणसंच होती ती.

वाचनमात्र

+१ सांजवेळ. ४९–१ चा खुलासा भारी.

मुठेकाठी

हे वाचताना सतत दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू डोळ्यांपुढे येतात. १९११ मध्ये भारताचा संघ पटियालाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. इकडे पुण्यात मात्र खेळाच्या मध्यंतरात त्यांना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. त्याच वर्षी २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ हरवून आयएफए शील्ड ही (आपल्याकडच्या, पायाने खेळायच्या) फुटबॉलची स्पर्धा जिंकली, बहुतेक खेळाडू अनवाणी. आणि पुढच्याच वर्षी कार्लाइल. जगभर एकाच वेळी दडपलेली माणसं राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवत होती.

टिपणवही

मुठेकाठी, बाळूंची आठवण काढलीत हे फार आवडलं. तरी या तिन्ही गोष्टी एका ओळीत बसवायला माझं मन तयार होत नाही. बाळूंना ज्यांनी वेगळ्या भांड्यात चहा दिला त्यांच्याच संघातून ते खेळत होते. मोहन बागानच्या खेळाडूंना रात्री आपापल्या घरी जाता येत होतं. कार्लाइलच्या पोरांचं तसं नव्हतं. सामना जिंकून ती परत जायची ती त्याच बराकीत, आणि त्यांच्या जमातीच्या लोकांना तेव्हा अमेरिकेचं सरसकट नागरिकत्वही नव्हतं. तो कायदा १९२४ चा.

मी वेस्ट पॉइंटच्या सामन्याबद्दल थोडं सांगते, कारण तो खरंच पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

पहिला टचडाउन सैन्याचा. त्यावरची, एक जादा गुण देणारी किक चुकली म्हणून ६–०. मग बर्जीने कार्लाइलचा पहिला केला, किक बसली, आणि मध्यंतराला ७–६. त्यानंतर दुसऱ्या अर्ध्यात २० गुण, सगळे कार्लाइलचे. सैन्याचा कर्णधार लेलँड डिव्होर अंगाने प्रचंड. त्याच्यासमोर कार्लाइलचा जो गायॉन, मिनेसोटाकडचा, ओजिब्वे जमातीचा, त्याच्यापेक्षा कितीतरी हलका. गायॉनने त्याला पहिला अर्धा सामना इतका सतावला की दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीलाच डिव्होरचा तोल गेला, तो पडलेल्या गायॉनवर चालून गेला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. कार्लाइलचा पॉवेलही मारामारीपायी बाहेर गेला, तेही सांगायला हवं. पोरं काही संत नव्हती.

सैन्याच्या संघात त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा विद्यार्थी होता. तोच पुढे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाला. थॉर्पला दोघांनी मिळून एकदम धडक देऊन सामन्याबाहेर काढायचा बेत केला आणि ते एकमेकांवरच आदळले, अशी गोष्ट सांगतात. अशा गोष्टी सांगता सांगता फुगतात, म्हणून मी ती गोष्ट म्हणूनच सांगतेय. पण आयझेनहॉवरने म्हातारपणी एका भाषणात थॉर्पचं नाव घेऊन, फुटबॉलमधलं काहीही तो मी पाहिलेल्या इतर कुठल्याही खेळाडूपेक्षा सरस करायचा, अशा अर्थाचं म्हटलं होतं, ते मात्र खरं. हरलेल्या बाजूचा माणूस जवळपास पन्नास वर्षांनी हे बोलतो, याचं मला फार मोल वाटतं.

नेमबाज

टिपणवही, सुंदर लिहिलंत. त्या दुसऱ्या अर्ध्यातल्या २० गुणांमागे खेळाची रचनाही आहे.

वॉर्नरने त्या सामन्यात जी मांडणी वापरली ती पुढे 'डबल विंग' म्हणून प्रसिद्ध झाली. तोवर बहुतेक संघ धावणारे गडी मधोमध, चेंडूच्या मागे उभे करत. वॉर्नरने दोघांना रांगेच्या दोन टोकांना, अगदी जवळ आणून ठेवलं. आता डावीकडून धाव येणार की उजवीकडून, की मधूनच मुसंडी, की कुणी पास झेलायला पुढे पळणार, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. आणि सगळे थॉर्पकडे डोळे लावून बसलेले. तो एका बाजूला पळाला की अख्खं सैन्य तिकडे, आणि चेंडू आर्कासाकडे दुसऱ्या बाजूला! म्हणूनच आर्कासाचे तीन टचडाउन. रानवाटांचा मुद्दा इथे पक्का बसतो.

हे सगळं मैदानावर चालवणारा डोकेबाज म्हणजे क्वार्टरबॅक गस वेल्च, विस्कॉन्सिनचा ओजिब्वे. आजच्यासारखं कडेला उभं राहून प्रशिक्षकाने प्रत्येक डाव सांगायचा, हे तेव्हा चालत नसे. डाव वेल्चच निवडायचा. मांडणी वॉर्नरची, पण शनिवारी दुपारी निर्णय एका तरुण मूलनिवासी पोराचे. मला वाटतं या हंगामाचा खरा नायक वेल्च.

खडूफळा

नायक वेल्च हे मान्य. पण त्या वर्षीचं विजेतेपद कार्लाइलचं, असं इंटरनेटवर ठोकून दिलेलं दिसतं ते नका करू. हार्वर्ड त्या वर्षी ९–० होतं (नऊ विजय, पराभव एकही नाही), पेन स्टेट (हे पेनहून वेगळं कॉलेज) ८–०. आणि सैन्याला हरवल्यावर बरोबर एका आठवड्याने, १६ नोव्हेंबरला, कार्लाइल फिलाडेल्फियात पेनकडून ३४–२६ असं हरलं. त्या वर्षीचं पेन काही अजिंक्य नव्हतं. हंगामात आधी हरून बसलेला संघ.

सांजवेळ

त्या पराभवाचं मला आश्चर्य नाही वाटत. सप्टेंबरपासून आगगाड्यांमध्ये, कधी आठवड्यात दोन सामने, गडी तेच, कारण तेव्हा बदली खेळाडू आजच्यासारखे सतत आत-बाहेर करता येत नसत. हल्ला आणि बचाव दोन्ही त्याच अकरा जणांनी करायचं. वेस्ट पॉइंटवर सगळं ओतून आल्यावर पुढच्या शनिवारी अंगात काय उरणार? आणि तरी २६ गुण केलेच. पुढे स्प्रिंगफील्डला ३०–२४ असं कसंबसं, आणि शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउनला ३२–०. हरल्यावर कोसळले नाहीत, याला मी जास्त मानते.

काथ्याकूट

थॉर्पचे आकडे कुणीच दिले नाहीत म्हणून. त्या हंगामात २५ टचडाउन आणि १९८ गुण असे आकडे सगळीकडे छापलेले असतात. आणि हा माणूस जुलैमध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटाथ्लॉन आणि डेकॅथ्लॉन अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आलेला! दोन महिन्यांत पुन्हा शाळेच्या मैदानावर.

मग जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने छापलं की हा १९०९–१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. पदकं काढून घेतली. हरकत घ्यायची मुदत स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांची होती, ती केव्हाच उलटली होती. नियम त्याच्या बाजूचा होता, पण त्याच्या बाजूने नियम वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. १९८२ मध्ये त्याला सहविजेता ठरवलं, आणि एकट्याचं सुवर्ण परत मिळायला जुलै २०२२ उजाडलं. तो वारला १९५३ ला.

अवांतर: त्याच ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवणारा लुईस तेवानिमा हाही कार्लाइलचाच. होपी जमातीचा. मुलांना शाळेत पाठवायला आणि सरकारी धोरणाला विरोध करणाऱ्या होपींना सैन्याने पकडलं, त्यांच्यातल्या काही तरुणांना १९०७ मध्ये कार्लाइलला धाडलं, त्यांपैकी हा एक. जवळपास कैदी म्हणून आणलेला माणूस देशासाठी पदक घेऊन आला.

चिंचेचं_बोटुक

काथ्याकूट, तेवानिमाबद्दल माहीत नव्हतं. वाचून पोटात कालवलं.

मी खरं सांगते, रानवाटांच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' आहे. मला या विजयांचा आनंद घेता येत नाही. शाळेने हे सामने जाहिरातीसारखे वापरले. बघा, आमच्याकडे आलं की रानटी पोरं कशी शिस्तीत येतात! प्रत्येक जिंकलेल्या सामन्याने त्या शाळेचं नाव मोठं झालं आणि आणखी पालकांच्या हातून पोरं गेली. संघात होते ते पंधरा-वीस जण. शाळेत आयुष्यभरात हजारो मुलं येऊन गेली, त्यांतली कितीतरी क्षयाने आणि इतर आजारांनी तिथेच गेली. त्यांचं काय?

जर्सीतली_प्राजक्ता

बोटुकताई, त्यांच्या थडग्यांपाशी मी जाऊन आले आहे, म्हणून लिहिते.

शाळा १९१८ ला बंद झाली. आज त्या आवारात अमेरिकी सैन्याचं वॉर कॉलेज आहे, त्यामुळे आत जायला फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं. दफनभूमी रस्त्याला लागून आहे. मुळात १८० च्या वर दगड होते, सगळे सैन्याच्या पद्धतीचे पांढरे, एकसारखे. मुलाचं नाव आणि जमात. काही नावं चुकीची कोरलेली, काहींवर फक्त 'अज्ञात'. मूळ दफनभूमी दुसरीकडे होती, १९२७ मध्ये बांधकामासाठी थडगी उचलून इथे आणली. त्या हलवाहलवीत काहींची ओळखच हरवली. दगडांवर लोकांनी खेळणी, मणी, नाणी ठेवलेली होती. २०१७ पासून जमाती एकेका मुलाचे अवशेष मागून घेतात आणि घरी नेऊन आपल्या विधींनी पुरतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

त्याच आवारात ते फुटबॉलचं मैदान आहे. दफनभूमीतून निघून तिथे चालत जाता येतं. मला आनंद झाला का, तर नाही. पण तिथे उभं राहिल्यावर मला त्या पोरांनी खेळायला नको होतं असंही वाटलं नाही.

टिपणवही

प्राजक्ता, बोटुक, दोघींचं वाचून मी थांबले होते. आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण दोन प्रसंग इथे अजून आलेले नाहीत आणि माझं उत्तर त्यांच्यात आहे.

पहिला, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. एका सामन्यात मुलाचा पाय मोडला आणि प्रॅटने बाहेरच्या संघांशी फुटबॉल खेळायला बंदी केली. काही काळाने मुलांचं एक शिष्टमंडळ त्याच्या कचेरीत गेलं आणि मुद्देसूद बोलून खेळायची परवानगी मागितली. प्रॅटने आत्मचरित्रात लिहिलंय की त्यांचं बोलणं ऐकून तो नमला. अटी दोन: समोरच्याने मारलं तरी तुम्ही गुद्दा उचलायचा नाही, आणि दोन-चार वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाला हरवून दाखवायचं. म्हणजे फुटबॉल शाळेने मुलांवर लादला नव्हता. केस कापणं लादलं, इंग्रजी लादली, धर्म लादला. खेळ मात्र त्यांनी भांडून मिळवला.

दुसरा, १९१४ चा. १९१२ च्या हंगामाला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. शाळेतल्या कारभाराची चौकशी करा असा अर्ज विद्यार्थ्यांनी सह्या करून वर पाठवला. पुढाकार कोणाचा? गस वेल्चचा. नेमबाज, तुमचाच नायक. अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, समिती कार्लाइलला आली, साक्षी झाल्या. खेळाडूंनी उभं राहून आपल्याच प्रशिक्षकाविरुद्ध सांगितलं: शिवीगाळ, मारहाण, निधीतल्या पैशांचा गोंधळ. अधीक्षक मोझेस फ्रीडमनची नोकरी गेली. वॉर्नर १९१४ च्या हंगामानंतर पिट्सबर्गला निघून गेला, आणि तिथे त्याचं नाव आणखी मोठं झालं, हा भाग कडू आहे.

ज्या पोरांनी खेळायची परवानगी मागितली आणि ज्या पोरांनी खेळाच्या कारभाराची चौकशी मागितली, ती मला एकाच जातकुळीची वाटतात. वेल्च १९१२ मध्ये वॉर्नरच्या मांडणीतून सैन्याला हरवतो आणि १९१४ मध्ये त्याच वॉर्नरविरुद्ध साक्ष देतो. दोन्ही त्याचंच. म्हणून, बोटुक, शाळेने त्या विजयांचा वापर केला हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं धरूनही मी तो हंगाम वेल्च, गायॉन, आर्कासा, पॉवेल, बर्जी यांच्या नावावर लिहीन.

चिंचेचं_बोटुक

टिपणवही, १९१४ चा अर्ज मला माहीत नव्हता. माझं 'नाही' अजून पूर्ण पुसलं गेलेलं नाही. पण वेल्चबद्दल आणखी वाचावंसं वाटतंय, हे नक्की.

नेमबाज

वेल्च पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. १९१९ ते १९२२ वॉशिंग्टन स्टेटचा, नंतर कॅन्ससच्या हॅस्केलमध्ये. गायॉन जॉर्जिया टेककडून खेळला आणि १९१७ च्या त्यांच्या अजिंक्य संघात होता. १९२२–२३ मध्ये तो आणि थॉर्प दोघे ओहायोतल्या ऊरँग इंडियन्स या पूर्ण मूलनिवासी व्यावसायिक संघात एकत्र खेळले. थॉर्प तर १९२० मध्ये आजच्या एनएफएलच्या (अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) मूळ संघटनेचा पहिला अध्यक्ष. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये थॉर्प १९६३ ला, गायॉन १९६६ ला. शाळेच्या एका संघातले दोघे तिथे, ही साधी गोष्ट नाही.

खडूफळा

१९१४ च्या चौकशीचा मुद्दा माझ्या पहिल्या प्रतिसादाला पूरक आहे. निधीचा गोंधळ होताच. पण तो मुलांनीच चव्हाट्यावर आणला, हे टिपणवहींनी सांगितलं ते महत्त्वाचं. एक पुरवणी: डिकिन्सन कॉलेजने कार्लाइल शाळेची कागदपत्रं, विद्यार्थ्यांच्या फायली, शाळेची नियतकालिकं असं पुष्कळ काही डिजिटल करून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी तिथून सुरुवात करा. शाळेची नियतकालिकं वाचताना फक्त एक ध्यानात ठेवा, ती शाळेनेच छापलेली आहेत.

गंपू

पॉपकॉर्न कधीच संपलं, धागा संपवू नका. १९१२ च्या आधीचे यांचे हंगाम पण असेच होते का? हार्वर्डला जर्सीच्या आत चेंडू लपवून फसवलं होतं असं कुठेतरी ऐकलंय, ते हेच का?

सांजवेळ

हेच हो गंपू! १९०३ चा सामना. किक झाल्यावर सगळे गोल करून उभे राहिले, चार्ल्स डिलनच्या जर्सीत पाठीवर चेंडू सरकवला आणि सगळे पांगले. हार्वर्डवाले चेंडू शोधत राहिले आणि डिलन हात मोकळे हलवत रेषेपार. पण सामना हार्वर्डने १२–११ असा जिंकला. पहिल्यांदा हार्वर्ड हरलं ते १९०७ मध्ये, २३–१५. आणि १९११ मध्ये पुन्हा १८–१५, त्यात थॉर्पचे चार फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून धाडून मिळवलेले गुण.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. बोटुक, तुमच्या 'नाही'मुळेच ही चर्चा इतकी पुढे गेली.

१९०७ चा हंगाम मात्र इथे कोंबायला नको, त्याला वेगळा धागा हवा. १० विजय आणि एकच पराभव, तो प्रिन्स्टनकडून १६–०. फॉरवर्ड पास कायदेशीर होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मोठे संघ त्याला हात लावायला कचरत होते, आणि फ्रँक माउंट प्लेझंट व पीट हाउझर यांनी फिलाडेल्फियात लांब लांब पास टाकून पेनला २६–६ हरवलं. नेमबाज, त्या पासांवर तुम्ही लिहाल का? चेंडू तेव्हा आजच्यापेक्षा फुगीर होता, तो लांब आणि नेमका कसा फेकत, हे तुमच्याकडून ऐकायचंय.

नेमबाज

लिहितो. शनिवारपर्यंत वेळ द्या, चेंडूच्या आकाराचं नीट बघून टाकतो.